लोणारचा डोंगर

जवळजवळ वीस वर्षं मी घरोघरी जाऊन लोकांना एक गोष्ट दाखवत होतो, आणि ती गोष्ट मला स्वतःला एकदाही दिसली नाही. हलवायाला मधुमेह असावा, तसला प्रकार. खामगावात हे मी कोणाला कळू दिलं नव्हतं. सुलतानपुरात मात्र एकदा चारचौघांत सांगावं लागलं, त्याचीच ही हकीकत. दिवाळी अंकासाठी धंद्यातलं काही लिहा, असं पत्र आलं तेव्हा मी टाळणार होतो. मुलगा म्हणाला, "बाबा, लिहून टाका आता. आता कोन तुमचं गिऱ्हाईक तोडून राह्यलं?" गिऱ्हाईकच उरलं नाही म्हटल्यावर तोडणार कोण, हे त्याचं म्हणणं मला पटलं.

धंदा माझा फोटोचा आणि तसबिरी मढवण्याचा. चांदीच्या बाजारामागच्या गल्लीत दुकान होतं. पुढच्या खोलीत काचा, लाकडी पट्ट्या आणि खिळे. मागच्या खोलीत पडदा, खुर्ची आणि कॅमेरा. कापसाच्या हंगामात गाड्या खाली करून लोक गावाकडे निघाले की वाटेत माझ्याकडे थांबत. कोणाला देवाची तसबीर हवी असे, कोणाला वारलेल्या वडिलांचा फोटो मोठा करून हवा असे. पण गाव मला या कामासाठी ओळखत नव्हतं. गावासाठी मी 'डबलचष्मावाले भाऊ' होतो.

या वस्तूचं खरं नाव स्टिरिओस्कोप. ते खामगावात कोणाच्या जिभेवर बसणं शक्य नव्हतं, म्हणून डबलचष्मा. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. खाली धरायला लाकडी मूठ. वर डोळ्यांना लावायची खोळ, तिला मखमलीची कड, आत दोन भिंगं. खोळीतून समोर निघालेली हातभर पट्टी आणि तिच्यावर मागेपुढे सरकणारी आडवी खाच. त्या खाचेत जाड पुठ्ठ्याचं कार्ड उभं करायचं. कार्डावर शेजारी शेजारी दोन फोटो, वरवर अगदी सारखे. पण ते सारखे नसतात. एक डाव्या डोळ्याच्या जागेवरून काढलेला असतो आणि दुसरा उजव्या. भिंगांतून पाहिलं की डावा फोटो डाव्या डोळ्याला मिळतो, उजवा उजव्याला, आणि डोक्यात दोन्ही एक होतात. मग चित्र सपाट राहत नाही. जवळचं जवळ येतं, लांबचं लांब जातं, मधे मोकळी हवा दिसते. असं म्हणतात.

माझ्याकडे तो आला तो कापसाच्या जिनिंग कारखान्यातल्या एका परदेशी साहेबाच्या सामानातून. साहेब कधीच मायदेशी गेलेला, सामान गोदामात पडून होतं, ते विकायला निघालं. मी गेलो होतो आरामखुर्चीवर डोळा ठेवून. खुर्ची दुसऱ्यानं नेली आणि माझ्या हाती हा चष्मा आणि कार्डांनी भरलेली एक पत्र्याची पेटी आली. घरी आणून पाहिलं तर नुसता फोटो दिसला, बरा होता. मग प्रत्येक कार्डावर दोन-दोन सारखे फोटो कशाला? मी पुष्कळ विचार केला आणि उत्तर काढलं की साहेब लोक दूरदर्शी असतात, एक फाटला तर दुसरा असावा म्हणून जोडी ठेवतात. मला हे इतकं पटलं की एका मोठ्या धबधब्याचं कार्ड मी कात्रीनं मधोमध कापलं, अर्धं छान मढवून दुकानात लावलं आणि उरलेलं अर्धं, पुढेमागे लागलं तर असावं म्हणून ड्रॉवरमध्ये जपून ठेवलं.

त्यानंतर माझं लग्न झालं. इंदू जलंबची. लग्नाला पंधरा दिवस झाले असतील, दुकान झाडता झाडता तिनं तो चष्मा उचलला, आत असलेलं कार्ड पाहिलं आणि "अवो बाप्पा!" म्हणून हात असा पुढे केला की टेबलावरची दौत लवंडली. "अवो, हे झाड तं जवय आलं! हात लावता येते वाटते!"

मी त्या झाडाकडे किती वेळा पाहिलं होतं. ते कधी माझ्या जवळ आलं नव्हतं. कागदावर जिथल्या तिथं उभं असे. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की दोष साहेबाच्या दूरदृष्टीत नाही, माझ्या डाव्या डोळ्यात आहे.

आठ वर्षांचा असताना त्या डोळ्याला विटी लागली होती. डोळा दिसायला साबूत राहिला, पण नजर गेली. नुसता उजेड-अंधार कळतो. आईनं तेव्हाच बजावून ठेवलं होतं की कोणाला सांगायचं नाही, आणि लग्नाच्या वेळी तर मुळीच नाही. मी आज्ञाधारक मुलगा. फोटोग्राफरचा धंदा मला सोयीचाच होता, कारण कॅमेऱ्यात पाहताना शहाणा माणूसही एक डोळा मिटतोच. इंदूला मी म्हणालो, "हाव ना, मी कवाचंच पाह्यलं ते झाड." एवढं एकच खोटं बोललो. त्याच आठवड्यात खरं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं, आणि पुढे सांगायला तोंड राहिलं नाही.

डबलचष्मा घरोघरी न्यायची कल्पना इंदूची. बाजारात तंबूचा सिनेमा येई, पण चांगल्या घरच्या बायकांना तिथे कोण जाऊ देणार? रेडिओ दोन-चार घरांत. तेव्हा हळदीकुंकवाला, बारशाला, नव्या जावयाच्या पहिल्या दिवाळसणाला लोक मला बोलावू लागले. महाराष्ट्र राज्य नुकतं झालं होतं, म्हणून एका घरी त्याचा आनंद साजरा करायलाही मी इजिप्तचे पिरॅमिड दाखवून आलो. चष्मा मी कोणाच्या हाती सोपवून देत नसे. एकदा दिला होता, तो भिंगांना गुळाचा पाक लागून परत आला. म्हणून पेटी मांडीवर घेऊन बसायचं, कार्डं एकेक करून लावायची आणि तोंडानं वर्णन चालू ठेवायचं, ही माझी पद्धत.

वर्णनाबद्दल माझं नाव होतं. "हे झाड तुमच्या नाकाशी, त्याच्या मागं हा टोपीवाला, त्याच्या मागं नदी, अन् पूल पार तिकडं." लोक म्हणत, भाऊ बोलतात तेव्हा जास्तच दिसतं. ते वर्णन सगळं इंदूचं. तिला सवय होती, कार्डं फडक्यानं पुसताना एकेक चष्म्यात घालून पाहायची आणि काय जवळ, काय लांब, ते मोठ्यानं बोलत बसायची. मला वाटे, बाई बडबडी आहे. मी शेजारी खिळे ठोकत ऐकायचो आणि पाठ करायचो.

गिऱ्हाईकं एकेक. एक निवृत्त हेडमास्तर दुर्बिणीला लावावा तसा एक डोळा घट्ट मिटून पाहत आणि म्हणत, विशेष काही नाही. मला त्यांचं म्हणणं शंभर टक्के पटे, पण बोलता येत नसे. एक वहिनी कार्डावरच्या गोऱ्या बाईचा अंबाडा मागून कसा घातलाय ते पाहायला दर वेळी कार्डाच्या पाठीमागे डोकावत. आणि एका आजींनी तर कमाल केली. इजिप्तचा तो सिंहाच्या अंगाचा, माणसाच्या तोंडाचा दगडी पुतळा दिसताच त्यांनी "नरसिंह!" म्हणून हात जोडले आणि मी हां हां म्हणेपर्यंत कार्डाला हळदकुंकू लावलं. लावलं ते एकाच फोटोला. त्यामुळे पुढे जो कोणी ते कार्ड पाही त्याला ते कुंकू एका डोळ्याला दिसे, दुसऱ्याला नाही, आणि लुकलुके. असं म्हणतात. त्या आळीत त्या कार्डाला इतकी मागणी आली की पाहण्याआधी लोक चपला काढू लागले.

वीस वर्षांत मी एक गोष्ट मात्र पक्की शिकलो. चित्र उघडलं की माणूस आधी ती खाच मागेपुढे सरकवतो, कारण प्रत्येकाची नजर वेगळी. मग दोन क्षण गप्प राहतो. मग श्वास आत घेतो आणि हात पुढे करतो. लहान असो, म्हातारा असो, हात पुढे होतोच. मला ते दिसत नव्हतं, पण ज्याला दिसलं तो मला अचूक ओळखू येई.

साहेबाची कार्डं पाहून पाहून लोक कंटाळले, तेव्हा मी आपल्याकडची कार्डं करायला घेतली. त्यात जादू काही नाही. कॅमेरा पाटावर ठेवायचा, एक फोटो घ्यायचा, पाट अडीच इंच उजवीकडे सरकवायचा, दुसरा घ्यायचा. मधल्या वेळात समोरच्यानं हलायचं नाही. माणसं ऐकतात, कोंबड्या ऐकत नाहीत, म्हणून माझ्या एका कार्डात एक कोंबडी निम्मीच आहे. डोंगरदऱ्या असतील तर अडीच इंचांनी भागत नाही, तिथे कॅमेरा उचलून दहा-बारा पावलं सरकावं लागतं. खरी मेख चिकटवण्यात. डावा फोटो डावीकडे, उजवा उजवीकडेच लागला पाहिजे. उलट लागला तर जवळचं लांब जातं आणि लांबचं जवळ येतं, माणसाचं नाक आत घुसतं. मला स्वतःला तपासता येत नव्हतं, म्हणून मी नियम बांधून घेतला होता: नेहमी डावा फोटो आधी काढायचा, उजवा नंतर, आणि छापल्यावर लगेच पाठीमागे पेन्सिलीनं 'डा' आणि 'उ' लिहायचं. या शिस्तीमुळे माझं एकही कार्ड कधी उलट लागलं नाही, याचा मला फार अभिमान होता. छातीला हात लावून सांगत असे.

चिकटवायला गव्हाच्या पिठाची खळ, तीत चिमूटभर मोरचूद, म्हणजे कीड लागत नाही. या खळीनं मला फार छळलं. रात्रीला झाकून ठेवलेली वाटी सकाळी अर्धी झालेली असे. मोरचूद घातलेली खळ खाऊनही मरत नाहीत असे आमच्या गल्लीतले उंदीर, म्हणून मी त्यांचा मनातून आदरही करत असे. शेवटी एक मांजर आणलं. मांजर दूध पिऊन गुबगुबीत झालं, खळ संपायची ती संपतच राहिली.

अशात सुलतानपूरच्या किसनरावांचा निरोप आला. वांग्या-मिरचीचा मळा, थोडी कपाशी, माणूस सरळ. त्यांच्या वडिलांचा फोटो मीच मढवला होता. मुलीला, विमलला, पाहायला उंद्रीचे पाहुणे येणार होते. चिठ्ठीत लिहिलं होतं, डबलचष्मा घेऊन या, आणि पाहुण्यांनी लोणार पाहिलेलं नाही, तर लोणारचं एखादं कार्ड असलं तर आणा, आपल्याकडचं काही दाखवल्यासारखं होईल.

लोणारचं कार्ड माझ्याकडे नव्हतं. पण किसनरावांना नाही कसं म्हणायचं? मी कॅमेरा घेऊन लोणारला गेलो. त्या प्रचंड गोल खड्ड्याच्या काठावर उभं राहिलं की खाली पार तळाशी हिरवं पाणी. याच्याइतकं खोल दुसरं काय असणार? मी खूश. फक्त डावीकडच्या माझ्या जागेवर एक बकऱ्यावाला भाकरीचं फडकं सोडून जेवायला बसला होता. जेवत्या माणसाला उठवायचं कसं? मी आधी उजवीकडचा फोटो घेतला, त्याचं आटोपल्यावर डावीकडचा. घरी येऊन फोटो धुतले, छापले, आणि सवयीप्रमाणे पहिल्यावर 'डा' लिहिलं, दुसऱ्यावर 'उ'. इंदू बहिणीच्या बाळंतपणाला जलंबला गेली होती. कार्ड पुसायला आणि बडबड करायला घरात कोणी नव्हतं. वर्णन मी स्वतःच्या मनानं तयार केलं. एसटीत पेटी मांडीवर घेऊन तेच घोकत सुलतानपूरला पोचलो.

पाहुणे दोनच: प्रल्हाद नावाचा मुलगा आणि त्याची आई वेणूबाई. मुलगा उंचापुरा, मोकळा बोलणारा, कांदा लावतो, इंजिनावर पाणी देतो. वेणूबाईंच्या नजरेतून काही सुटत नव्हतं. पोहे झाले, विमलला विचारायचं ते विचारून झालं. सातवी शिकलेली मुलगी, "येते", "हाव" याच्यापुढे गेली नाही आणि दाराआड जाऊन बसली. मग किसनराव अभिमानानं म्हणाले, "भाऊ, काढा आता तुमची चीज."

वेणूबाईंना मी समुद्राचं कार्ड दिलं. त्यांनी खाच सरकवली, गप्प झाल्या आणि एकदम दोन्ही पाय बाजेवर घेतले. "भाऊ, हे पानी वल्लं तं नाही ना करनार?" सगळे हसले. मग मी पुतळ्याचं कार्ड लावून चष्मा प्रल्हादकडे दिला.

माझा हात कार्डावरून निघायच्या आत तो म्हणाला, "वा! काय चीज हाये, भाऊ!"

मी दचकलो. त्यानं खाच सरकवली नव्हती. हात पुढे केला नव्हता. मी दुसरं कार्ड दिलं, पुन्हा लगेच "वा!". मी या विद्येत त्याच्यापेक्षा जुना होतो. 'वा' किती वेळानं म्हणायचं ते मला ठाऊक होतं, तो अजून कच्चा होता. पण माणूस माझ्याच जातकुळीचा, यात शंका राहिली नाही. किसनराव तिकडे समाधानानं सुपारी कातरत होते, आणि त्यांना जे माहीत नव्हतं ते मला माहीत झालं होतं. मी मनाशी म्हटलं, आपलं काम कार्डं दाखवायचं, आणि लोणारचं कार्ड काढलं.

"आता हे आपलं लोणार," मी सुरू केलं. "काठावरचं झाड तुमच्या हाताशी. अन् मग उतार. खाली, खाली, अन् पार तळाशी पानी. किती खोल, पाहा."

प्रल्हादनं पाहिलं. "अबब! केवढं खोल!"

वेणूबाईंनी पाहिलं. खाच सरकवली. पुन्हा सरकवली. "हे काय बाप्पा? हे तं टेंगूळ हाये."

किसनराव पुढे झाले. त्यांचं सगळं आयुष्य लोणारच्या वाटेवर गेलेलं. त्यांनी पाहिलं आणि चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "भाऊ, पुरी फुगावी तसा फुगला ना हा तलाव. पानी वर, काठ खाली. अन् झाड त्याच्याही मागं."

"दाखवा मले," म्हणत विमल दारातून आली, तिनं पाहिलं आणि खदखदून हसली. "बाबा, लोणारचा डोंगर झाला!" तोपर्यंत तिचं हसणं पाहुण्यांनी ऐकलं नव्हतं. मग हसता हसता ती थांबली. चष्मा हातातच, आणि तिनं सरळ प्रल्हादकडे पाहिलं. "मंग यायले खोल कसं काय दिसलं?"

बकऱ्यावाला, त्याची भाकर, माझं 'डा' आणि 'उ', सगळं मला त्या क्षणी लख्ख आठवलं. सगळ्यांना डोंगर दिसत असताना खड्डा दिसणारे त्या घरात दोघेच होते, एक नवरदेव आणि एक मी.

वेणूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "भाऊ, तुमचं यंत्र बिघडलं वाटते." त्यांच्या आवाजात विनंती होती, आणि धमकीही. एवढ्याला हो म्हटलं असतं तर सुटलो असतो. यंत्र बिघडलं, कोणाला डोंगर दिसतो, कोणाला खड्डा. प्रल्हाद वाचला असता, माझी इतक्या वर्षांची शान वाचली असती. फक्त विमलला लग्नानंतर कधीतरी कळलं असतं, आणि तेव्हा तिला विचारायला कोणी नसतं.

किसनराव म्हणाले, "तुमी सांगा, भाऊ. तुमी म्हनाल ते खरं."

मला आईची आठवण आली, आणि इंदूची. दुसऱ्याचं उघडं करायचा मला हक्क नव्हता. स्वतःचं करायचा मात्र होता. मी म्हणालो, "यंत्र चांगलं हाये. कार्ड मी उलटं चिकटवलं. अन् मले ते समजलं नाही, कारन मले डोंगर बी दिसत नाही अन् खड्डा बी नाही. माह्या डाव्या डोयात नजर नाही. लोणार खोल असते म्हनून मी खोल म्हनलो."

"म्हंजे इतके साल तुमी..." किसनरावांचा अडकित्ता हवेतच राहिला.

"हाव. अंदाजानं."

आता सुलतानपूरहून मेहकर, मेहकरहून खामगाव, बातमी माझ्याआधी पोचणार आणि आंधळ्याचा चष्मा म्हणून लोक हसणार, हे दिसत होतं. त्याला दोन डोळे लागत नाहीत. तेवढ्यात प्रल्हादनं घसा साफ केला. "माहा बी डावा डोया तसाच हाये. लहानपनी बैलाचं शिंग लागलं."

"प्रल्हाद!" वेणूबाई ओरडल्या. "कोनी इचारलं होतं बे तुले?"

"माय, या बुढ्या मानसानं आपला धंदा पनाले लावला, मंग मी काऊन चूप राहू?"

मी तेव्हा चाळिशीचाही नव्हतो. पण ही वेळ ते काढायची नव्हती.

विमल दारात परत गेली होती. तिथूनच तिनं विचारलं, "गाडी हाकता येते?"

"विमल!" किसनराव म्हणाले.

"येते," प्रल्हाद म्हणाला. "इंजिन खोलून पुन्हा बसवता येते. इहिरीवर फळीवरून चालता येते. सुईत दोरा तेवढा ओवता येत नाही. दहादा हुकते."

विमलनं त्याच्याकडे पाहिलं नाही. बापाकडे पाहून म्हणाली, "बाबा, सुई माह्याजवय राहीन," आणि आत निघून गेली. वेणूबाईंनी कपाळाला हात लावला. पण त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी मोठं ओझं उतरल्याचं मला एका डोळ्यानंही दिसलं.

किसनराव मला एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला आले. एसटी दिसली तेव्हा म्हणाले, "डोयाचं मले काही नाही, भाऊ. पोरगं मेहनती हाये. पन लपवून लगन झालं असतं ना, तं मी जन्मभर त्याच्या घरचं पानी पेलो नसतो." ते त्यांच्या जावयाबद्दल बोलत होते. माझ्या मात्र ते जिव्हारी लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडलंच नाही. तडक जलंबची गाडी धरली. सासुरवाडीच्या ओट्यावर इंदू तूर निवडत बसली होती. मी शेजारी बसलो, पाणी प्यालो, बाळ-बाळंतिणीची चौकशी केली आणि धीर करून म्हणालो, "इंदू, माह्या डाव्या डोयाले दिसत नाही. लगनाच्या आधीपासून."

"हाव," ती म्हणाली. "ते सूप द्या इकडं."

मला वाटलं तिनं ऐकलं नाही. पुन्हा सांगितलं. तेव्हा तिनं हात थांबवला. "अवो, मले माहीत हाये. तुमी अर्धं कार्ड कापून, मढवून, भितीवर टांगलं होतं. ज्याले दोन्ही डोये हायेत तो मानूस असं करन काय?"

लग्न झाल्यापासून तिला माहीत होतं. मी म्हणालो, "मंग बोलली काऊन नाही?"

"तुमी बोलले नाही म्हनून." मग जराशी हसली. "म्हनून तं कार्ड पुसताना मोठ्यानं सांगत जात होती. नाही तं मले काय येड लागलं, एकटीनं बडबडाले?"

मग मी सुलतानपूरचं सगळं सांगितलं, बकऱ्यावाल्यापासून. शेवटी म्हणालो, "इतक्या वर्सांत हे पहिलंच उलटं लागलं."

इंदूनं सूप खाली ठेवलं. खोटं बोलायची तिला सवय नव्हती, आणि खरं बोलायचं की नाही ते ती ठरवत होती, हे मला दिसत होतं. "पहिलं नाही," ती हळूच म्हणाली. "वल्लं असते तवा निंघते. तुमी झोपले की काढाचं, फिरवाचं, पुन्हा लावाचं."

"कितीदा?"

"मी कायले मोजू? तुमी मांजर आनलं तवा मले लय हसू आलं होतं. आपल्या घरात उंदीर कोठी होता?"

विमल-प्रल्हादचं लग्न झालं. फोटो मीच काढले. आहेर म्हणून विमलनं लोणारचं ते कार्ड मागून घेतलं, आणि दुरुस्त करू दिलं नाही. उंद्रीला त्यांच्या घरी गेलं की दोघं भांडतात, डोंगर का खड्डा, आणि मला साक्षीला ओढतात. खामगावात बातमी पोचली, लोक हसले, आणि दिवाळीला पुन्हा बोलावू लागले. आता ते मला मुद्दाम विचारत, "भाऊ, अंदाजानं सांगा, हे झाड कुठं?" पुढे घरोघरी टीव्ही आला आणि चष्मा कपाटात गेला.

इंदू जाऊन चार वर्षं झाली. तिचे आभार मानायचे राहून गेले. आमच्याकडे नवरा-बायकोत आभार मानत नाहीत, पण मी मानायला हवे होते. कार्डं अजून आहेत. जुनी झाली, फोटो सुटतात, मी दुपारी बसून परत चिकटवतो, पाठीमागचं 'डा', 'उ' दोनदोनदा पाहून. चिकटवून झालं की कार्डं उन्हात मांडून ठेवतो आणि त्यांच्याकडे पाहत बसतो. वाटीभर खळ केली तर हल्ली आठवडाभर पुरते.